कचऱ्यावर उभं राहिलेलं रान

बालाघाटाच्या माळावर एक झाड जगवायचं म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातल्या नेकनूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. मुंबईच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचं मोल म्हणूनच त्याला चटकन कळेल. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी 37 एकरांवर हे रान उभं आहे, आणि त्याच्या पोटात शहराचा कचरा आहे.

1970च्या दशकाच्या अखेरीपर्यंत इथं कचऱ्याचे ट्रक रिकामे होत. ते थांबल्यावर लागवड सुरू झाली. 1983 साली पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते इथं झाड लागलं आणि 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. त्याचा कारभार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आला.

इथलं खरं काम मातीचं आहे. गळालेला पाला जागीच कुजतो, गांडुळं आणि वाळवी त्याची माती करतात, आणि त्याच मातीवर पुढची पिढी वाढते. पावसाचं पाणी तळ्यात साठवून झाडांना दिलं जातं. शेततळं खोदणाऱ्या शेतकऱ्याला हे गणित नवं नाही.

नदीच्या अंगाला कांदळवन आहे. त्यातल्या तिवराच्या झाडाचं पान जवळून पाहावं. त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात. मुळांवाटे आलेलं जास्तीचं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. चिखलातून बोटांएवढी मुळं वर आलेली असतात, ती श्वासासाठी.

बारा महिने इथं माणसांचा राबता असतो. पावसाळ्यात तळं भरतं, पाऊस ओसरला की फुलपाखरं येतात, हिवाळ्यात दुर्बिणी घेऊन पक्षीवाले फिरतात आणि उन्हाळ्यात सावली असते. शाळांच्या सहली येतात. वर्गातलं झाड मुलांना इथं हाताला लागतं. रोपवाटिकेतून रोपंही मिळतात.

मिठीचं पाणी अजून मैलंच आहे. एकटं उद्यान नदी साफ करू शकत नाही. पण काठ मोकळा ठेवला, तर झाडं, पाखरं आणि माणसं तिथं परत येतात, एवढं या जागेनं दाखवून दिलं.

आपल्या बीड शहरातूनही बिंदुसरा नदी वाहते. तिच्या काठासाठी मुंबईएवढा पैसा लागेलच असं नाही. आधी तिथं कचरा टाकणं थांबवावं लागेल. मग देशी झाडं, साठवलेलं पाणी आणि दहा वर्षं टिकणारी राखण. मुंबईच्या या उद्यानातही क्रम हाच होता.