मोटारीचा मागें जाण्याचा दिवा

मोटार पुढें नेण्यास जितकें कौशल्य लागतें, त्याहून अधिक सावधपणा ती मागें घेण्यास लागतो. पुण्याहून पौडावरून मुळशीच्या जलाशयाकडेनें ताम्हिणी घाटास जाणारा रस्ता ज्यांनीं पावसाळ्यांत पाहिला आहे, त्यांस हें निराळें सांगावयास नको. मुख्य रस्ता सोडून एखाद्या वाडीच्या वाटेस लागलें कीं समोरून दुसरी गाडी येते, आणि दोघांपैकीं एकास मागें सरकावें लागतें. धुकें दाट, एका अंगास दरड व दुसऱ्या अंगास उतार. अशा वेळीं मागील पांढरे दिवे पेटले नाहींत तर चालकास कडा दिसत नाहीं, आणि मागून गुरें हांकीत येणाऱ्या माणसास गाडी आपल्याकडेच येत आहे हें उमगत नाहीं. तांबडा दिवा गाडी येथें उभी आहे एवढेंच सांगतो. तिची दिशा पांढराच सांगतो.

डोंगरी भागांत जुन्या जीपगाड्या व 'सुमो' अजून दिसतात. टाटांच्या कारखान्याचे सुमंत मुळगावकर यांच्या नांवावरून नांव पडलेली ही सुमो १९९४ सालीं निघाली व २०१९ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. अशा वयस्क गाड्यांत हा दिवा वारंवार बिघडतो, आणि पुष्कळ जण बल्बामागून बल्ब बदलून पैसे घालवितात.

वस्तुतः त्याची रचना साधी आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत विजेचा प्रवाह फ्यूजमधून गिअरबॉक्सवरील एका लहान स्विचांत येतो. रिव्हर्स गिअर पडला म्हणजे त्या स्विचाची कळ दाबली जाते, मार्ग जुळतो, व प्रवाह लांब वायरीनें मागील दिव्यांत पोंचून गाडीच्या पत्र्यावाटे बॅटरीकडे परततो. या परतीच्या वाटेस कारागीर 'अर्थ' म्हणतात.

म्हणून पहिला प्रश्न हा कीं, एकच दिवा गेला आहे कीं दोन्ही? एक पेटत असेल तर फ्यूज व स्विच निर्दोष आहेत, कारण ते दोघांस सामाईक असतात. मग गाडीखालीं शिरण्याचें प्रयोजनच नाहीं. हातब्रेक ओढून, चाकांस दगड लावून, इंजिन सुरू न करतां किल्ली फिरवावी व गिअर रिव्हर्समध्यें टाकावा. बल्बाची तार शाबूत दिसली तर होल्डर तपासावा.

मुळशीकडील गाड्यांचा खरा रोग बहुधा येथेंच सांपडतो. पुणें शहरांत वर्षाकाठीं ७००-८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर ताम्हिणीस ६००० मिलिमीटरहून अधिक. दिव्याच्या कांचेखालील रबर कडक झालें कीं ओल आंत शिरते, पितळेवर हिरवी भुकटी धरते आणि अर्थच्या स्क्रूखालीं गंज चढतो. याचा परिणाम किती होतो तें हिशेबानें पाहावें. १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे पेटलेल्या स्थितींत त्याचा रोध सुमारें ७ ओहम. गंजानें त्यांत ३ ओहमांची भर घातली कीं बल्बास निम्मीच शक्ति मिळते, आणि तप्त तारेचा प्रकाश तर शक्तीहूनही झपाट्यानें उतरतो. दिवा पेटतो, पण काजव्यासारखा! कधीं ब्रेक दाबतांच रिव्हर्सचा दिवा मंद उजळतो; हें भुताटकीचें लक्षण नव्हे. अर्थ तुटल्यामुळें प्रवाह शेजारच्या बल्बांतून उलटी वाट काढीत असतो. काचकागदानें पितळ व पत्रा चकचकीत घांसून, स्क्रू घट्ट पिळून वर थोडें व्हॅसलीन लावलें कीं बहुतेक वेळां काम भागतें.

दोन्ही दिवे गेले असतील तर प्रथम फ्यूज पाहावा. तो जळला असल्यास त्याच अँपिअरचा बसवावा. त्याजागीं जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटांतील चांदी गुंडाळण्याची जी रीत कांहीं ठिकाणीं दिसते, तिला दुरुस्ती म्हणणें कठीण. त्यानें वायरी पेटून गाडी जळूं शकते. नवा फ्यूजही लागलाच जळला तर वायर कोठें तरी पत्र्यास घासून उघडी पडली आहे असें समजावें. पत्र्याच्या भोकांतून ती जेथें जाते तेथील रबर प्रथम चाचपावें.

फ्यूज ठीक असेल तर राहिला स्विच. गाडी थंड झाल्यावर, रस्त्याबाहेर सपाट जागीं ती उभी करून, त्यावरील दोन्ही वायरी काढाव्या व तुकड्यानें एकमेकींस जोडाव्या. मात्र केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखालीं कोणीही जाऊं नये. किल्ली फिरवितांच दिवे लागले तर दोष स्विचाचा. न लागले तर वायरीचा. स्विच काढतांना भोकांतून गिअरचें तेल गळण्याचा संभव असतो, यास्तव खालीं भांडें ठेवावें, नवा स्विच तांब्याच्या नव्या वॉशरसह हातीं तयार असावा, आणि गळलेलें तेल मोजून पुन्हां भरावें.

दिवे लागल्यावर एकाद्यास गाडीच्या बाजूस, मागें नव्हे, उभें करून दोन्ही सारखे उजळतात कीं नाहीं हें विचारावें, आणि त्यानंतर कांचेवर तांब्याभर पाणी ओतून पुनश्च पाहावें.