श्रेढी शिकवताना हवेकडे पाहू

हवामानबदल हा विषय शाळेत भूगोलाच्या तासाला येतो, नाहीतर निबंधात. गणिताच्या शिक्षकांपाशी तो काढला, की 'अभ्यासक्रम संपवायलाच वेळ पुरत नाही' असे उत्तर मिळते. ते खरेही आहे. परंतु यासाठी वेगळ्या धड्याची गरज नाही. दहावीत अंकगणित श्रेढी आपण शिकवतोच. उदाहरणातील आकडे तेवढे बदलायचे.

अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर हवेतील कार्बन डायऑक्साइडची नियमित मोजणी सुरू केली. उन्हाळ्यात उत्तर गोलार्धातील वनस्पती हा वायू शोषून घेतात, हिवाळ्यात तो पुन्हा हवेत येतो. त्यामुळे आलेख दरवर्षी वरखाली होतो. म्हणून आपण वार्षिक सरासरी घेऊ. हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे रेणू पूर्णांकात असे होते :

१९६० – ३१७
१९७० – ३२६
१९८० – ३३९
१९९० – ३५४
२००० – ३७०
२०१० – ३९०
२०२० – ४१४

प्रथम विद्यार्थ्यांकडून लगतच्या आकड्यांतील फरक काढून घ्यावेत : ९, १३, १५, १६, २०, २४. ही अंकगणित श्रेढी आहे का? नाही, फरक स्थिर नाही, तो वाढतो आहे. पहिला फरक ९ हाच कायम धरून कोणी १९७० साली अंदाज बांधला असता, तर २०२० साठी ३१७ + (६ × ९) = ३७१ हे उत्तर आले असते. प्रत्यक्षात ४१४ निघाले. बेरीज बरोबर होती, गृहीत चुकले.

मग वाढीचा नियम कोणता? औद्योगिक क्रांतीपूर्वी हे प्रमाण सुमारे २८० होते, असे ध्रुवीय बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळते. प्रत्येक आकड्यातून २८० वजा करा. उरतात ३७, ४६, ५९, ७४, ९०, ११० आणि १३४. ही माणसामुळे पडलेली भर. आता लगतच्या पदांची गुणोत्तरे काढा : १.२४, १.२८, १.२५, १.२२, १.२२, १.२२. म्हणजे ही भर भूमिती श्रेढीच्या बरीच जवळ आहे. वर्षाला दोन टक्क्यांहून थोड्या अधिक दराने, चक्रवाढ व्याजासारखी, ती वाढत गेली.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, 'गुणोत्तर तर उतरले, मग परिस्थिती सुधारते आहे ना?' हा प्रश्न टाळू नये. गुणोत्तर उतरले, तरी फरक १६ वरून २४ वर गेला. व्याजाचा दर थोडा घटला, पण मुद्दल फुगलेले असले, की व्याजाची रक्कम वाढतेच. बातम्यांतील 'वाढीचा दर घटला' आणि 'वाढ थांबली' या दोन गोष्टींची गल्लत नेमकी येथे होते, आणि ती गणिताच्या तासालाच सुटू शकते.

शेवटी २०५० चा अंदाज दोन रीतींनी काढण्यास सांगावे. दशकाचा फरक २४ कायम धरला तर ४८६, गुणोत्तर १.२२ कायम धरले तर सुमारे ५२३. यांपैकी एकही भविष्यवाणी नव्हे. दोन्हींत 'जर' आहे, आणि आपण कोळसा व तेल किती जाळतो यावर तो 'जर' अवलंबून आहे. आज दहावीत बसलेली मुले तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. हे उदाहरण त्यांनी स्वतः सोडवलेले बरे.