विश्लेषण : पूर आला तेव्हा शाळा बंद होत्या, शाळा भरलेली असताना आला तर मुलं घरी कशी पोहोचणार?

२५ मे २०२५. बारामती तालुक्यात पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला. शेतांत आणि घरांत पाणी शिरले. बारामती आणि इंदापूरसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके बोलवावी लागली. त्या दिवशी रविवार होता आणि शाळांना उन्हाळी सुट्टीही होती.

त्याआधी १४ ऑक्टोबर २०२० रोजी इंदापूर तालुक्याला अतिवृष्टीने झोडपले. निमगाव केतकीत पाण्यात अडकलेल्यांना बाहेर काढावे लागले. तेव्हा करोनामुळे शाळांचे वर्ग मार्चपासूनच बंद होते. त्याच्याही आधी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुरंदर तालुक्यात तुफान पाऊस झाला, नाझरे धरणातून कऱ्हा नदीत मोठा विसर्ग सुटला आणि बारामतीत नदीकाठच्या हजारो लोकांना रातोरात हलवावे लागले. दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांनी बारामतीसह पाच ठिकाणच्या शाळा-महाविद्यालयांना सुट्टी दिली.

म्हणजे सहा वर्षांत तीन मोठे प्रसंग आले आणि तिन्ही वेळा मुले घरी होती. हा योगायोग. त्यामुळे एक प्रश्न कधी विचारलाच गेला नाही. पाणी दुपारी अडीच वाजता, मधली सुट्टी संपून तास सुरू झाल्यावर आले तर शाळेत बसलेले मूल आणि घरी किंवा शेतात असलेले पालक एकमेकांपर्यंत कसे पोहोचणार?

इथला धोका वेगळा का?

बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. ओढे वर्षातला बराच काळ कोरडे असतात, म्हणून वाड्या-वस्त्यांचे अनेक रस्ते ओढ्यावरून थेट फरशीने जातात. दक्षिणेला नीरा, बारामती शहरातून कऱ्हा, इंदापूरच्या उत्तरेला भीमा आणि उजनीचा फुगवटा, शिवाय दोन्ही तालुक्यांतून जाणारा नीरा डावा कालवा. २०१९ मध्ये दिसले तसे, पाऊस पुरंदरमध्ये पडतो आणि पूर बारामतीत येतो. शाळेच्या मैदानात ऊन असतानाही घरी जाणाऱ्या रस्त्यावरची फरशी पाण्याखाली असू शकते.

वळवाच्या वाऱ्याचाही भरवसा नाही. २१ मे २०२४ रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांचा जीव गेला.

मग बातमी कळताच मूल घरी आणावे, हे बरोबर नाही का?

कोणत्याही आई-बापाची पहिली ऊर्मी तीच असते. पण पुराच्या वेळी बहुतेकदा शाळेची इमारत धोक्यात नसते, धोका मधल्या रस्त्यात असतो. शाळा चांगल्या इमारतीत, उंचावर असेल तर मूल तिथेच सर्वात सुरक्षित असते. दुचाकीवर दोन मुले बसवून फरशी ओलांडणारा बाप स्वतःसह तिघांचा जीव टांगणीला लावतो.

मुंबईने २६ जुलै २००५ रोजी हे पाहिले. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो वाढला दुपारी, म्हणजे शाळा भरलेल्या असताना. फोन लागत नव्हते, लोकल बंद होत्या. अनेक शाळांनी मुलांना रात्रभर वर्गातच ठेवले. पालकांची ती रात्र कशी गेली असेल याची कल्पना करता येते, पण गळ्याएवढ्या पाण्यातून मुलांना घरी धाडण्यापेक्षा तो निर्णय शहाणपणाचा होता.

मात्र ‘शाळेतच थांबा’ हाही प्रत्येक वेळचा मंत्र नाही. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेत भूकंपानंतर मुलांना सुमारे ५० मिनिटे मैदानात बसवून ठेवले गेले. कुठे जायचे हे ठरत नव्हते. टेकडी शेजारीच होती. त्सुनामीत ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. त्याआधी येऊन पालकांनी नेलेली काही मुले वाचली. जपानच्या इतर किनारी भागांत मात्र पालकांच्या ताब्यात दिलेली मुले वाटेत लाटेत सापडली. ओकावाच्या पालकांनी न्यायालयात दाद मागितली आणि आपत्तीआधी पुरेसे नियोजन केले नव्हते, यासाठी स्थानिक प्रशासन जबाबदार ठरले. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

मूल ठेवायचे, हलवायचे की सोडायचे, हे धोका कुठे आहे त्यावर ठरते. ते पाणी दारात आल्यावर ठरवता येत नाही. कोणत्या परिस्थितीत काय करायचे आणि मुख्याध्यापक रजेवर असतील तर निर्णय कोण घेणार, हे आधीच कागदावर असावे लागते.

भारतात नियम आहेत का?

आहेत, आणि भरपूर आहेत. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत आग लागून ९४ मुले दगावली. त्यानंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ ची. त्यात प्रत्येक शाळेचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा आणि नियमित रंगीत तालीम अपेक्षित आहे. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी. बदलापूर प्रकरणानंतरच्या शासन निर्णयांत सीसीटीव्ही, सखी सावित्री समिती आणि गैरहजर मुलाचा निरोप पालकांना देणे, यावर भर आहे.

तालीम मात्र बहुतेक वेळा मैदानात रांग लागली की संपते. घंटा वाजते, मुले बाहेर येतात, मोजणी होते, फोटो निघतो. मूल योग्य माणसाच्या हाती देण्याच्या टप्प्याची तालीम क्वचितच होते.

मूल ताब्यात देण्याची पद्धत कशी असते?

जपानच्या शाळांत ‘पालकांच्या ताब्यात देण्याची तालीम’ वेगळी होते. अमेरिकेत अनेक शाळा दोन भागांचे कार्ड वापरतात. पालक ओळखपत्र दाखवून कार्ड भरतो, एक भाग टेबलावर राहतो, दुसरा घेऊन कर्मचारी मुलाला आणायला जातो. पालकांची जागा आणि मुलांची जागा एकमेकांना दिसणार नाही अशी ठेवतात. कारण एक आई मुलाला पाहून धावली की मागे पन्नास जण धावतात.

आपल्याकडे यासाठी ॲप लागत नाही. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी एक कार्ड भरून घेता येते. मुलाचे नाव, घरी जाण्याच्या वाटेत येणारा ओढा किंवा नदी, आई-वडिलांचे चालू असलेले नंबर आणि ते न आल्यास मूल नेऊ शकतील अशा तिघांची नावे. आजोबा, मामा, शेजारी, कोणीही. पण नाव लिहिलेले हवे. न्यायालयाच्या आदेशाने मुलाचा ताबा एकाच पालकाकडे असेल तर तीही नोंद हवी. देताना सही आणि वेळ. आणि मुलालाच एक प्रश्न : हे तुझे कोण?

गावात ‘मी ओळखतो याला, चौघांनाही घेऊन जातो’ म्हणणारा माणूस हमखास भेटतो. ही ओळख गावाची ताकद आहे. पण त्याने नेलेल्या चौघांची नोंद नसेल तर अर्ध्या तासाने आलेल्या आईला शिक्षक काय सांगणार? ‘मूल सापडत नाही’ एवढा एक मेसेज व्हॉट्सॲपवर पडला की काय होऊ शकते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पाहिले आहे. मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून तिथे पाच निरपराध भिक्षुकांना जमावाने ठार केले.

किती वेळ लागेल?

साधे गणित करून पाहू. ६०० मुलांची शाळा, एकच गेट, प्रत्येक मुलाची नोंद आणि ओळख तपासायला दोन मिनिटे. १,२०० मिनिटे, म्हणजे २० तास. इयत्तावार दहा टेबले मांडली तर दोन तास. भावंडे एकत्र सोडली तर आणखी कमी. गाड्या गेटपासून दूर थांबवल्या नाहीत तर मात्र सगळे गणित कोलमडते, कारण रुग्णवाहिकेलाही रस्ता तोच असतो.

विजा कडाडत असतील तर मुलांना बाहेर रांगेत उभे करायचेच नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत थांबावे, असा सर्वमान्य नियम आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांचा इशारा देते.

फोन लागला नाही तर?

नेटवर्क कोलमडते तेव्हा कॉलपेक्षा एसएमएस पोहोचण्याची शक्यता जास्त. मजकूर आधीच लिहून ठेवावा : ‘मुले शाळेत सुरक्षित आहेत. रस्त्यावर पाणी आहे, निघू नका. पुढचा निरोप चार वाजता.’ यातली वेळ सर्वात महत्त्वाची, कारण वेळ कळली की माणूस थांबतो. पुणे जिल्ह्यातील अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका कॉलवर गावभर निरोप जातो. चोर-दरोड्यासाठी ओळखली जाणारी ही यंत्रणा शाळांनाही उपयोगी पडू शकते. देवळावरचा भोंगा आहेच. मदतीसाठी ११२, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक वर्गाच्या भिंतीवर असावेत.

एसटीने येणाऱ्या मुलांचा विचार वेगळा करावा लागेल. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. त्यामुळे अनेक मुली लांबच्या गावांहून येतात. गाडी रद्द झाली की त्या स्थानकावर अडकतात. तिथे त्या शाळेच्या हजेरीवर नसतात आणि घरीही पोहोचलेल्या नसतात. आगाराकडून गाडी सुटणार असल्याची खात्री होईपर्यंत त्यांना शाळेतून सोडू नये, एवढे ठरवायला पैसे लागत नाहीत.

दोन शिक्षकी शाळेने काय करायचे?

दहा टेबलांची कल्पना शहरातल्या शाळेला ठीक. वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत दोन शिक्षक असतात. एकाने मुलांपाशी थांबायचे, दुसऱ्याने दाराशी. मग फोन कोण करणार? इथे पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य कामी येतात. समितीत पालकच बहुसंख्य असतात आणि तिच्या सभा नियमित व्हाव्या लागतात. एका सभेत ही कामे नावानिशी वाटून देता येतील. अशा शाळेत शिक्षक प्रत्येक पालकाला चेहऱ्याने ओळखतात, ही मोठी जमेची बाजू. वीस गावांतून बसने मुले आणणाऱ्या शाळेत ती नसते.

या ओळखीबाहेर एक गट उरतो. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामात ऊसतोड मजूर येतात. त्यांची मुले हंगामापुरती जवळच्या शाळेत बसतात. आई-बाप पहाटेच फडात, फोन एकच आणि तोही बापाकडे. फड आज या शिवारात, उद्या त्या. अशा मुलाच्या कार्डावर मुकादमाचा नंबर, कोपीची जागा आणि त्या आठवड्यातला फड लिहिला तरच त्याचे माणूस सापडेल. अवकाळी पाऊस हंगामातही येतो. पण ही मुले हजेरीपटावर येतात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर, आणि कार्डे भरून घ्यायची असतात जूनमध्ये.