आधी वारा, मग पाणी

मे महिन्यात बुऱ्हाणपुरात पारा 44 अंशांना भिडतो, तेव्हा माणसाला घाम तारतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत. तिच्या शरीराचे तापमान मुळातच 41 अंशांच्या घरात, वर अंगभर पिसे. उष्णता बाहेर टाकायला तिच्या हाती मुख्यतः दोनच गोष्टी उरतात: पंख पसरणे आणि चोच उघडून धापा टाकणे. शहापूर-खकनारकडे काय किंवा सीमेपलीकडे रावेर-मुक्ताईनगरात काय, उन्हाळ्यातली मरतुक नशिबाच्या खात्यावर टाकली जाते. तिच्यातली बरीचशी टाळता येते. आड येतात त्या काही पक्क्या समजुती.

गैरसमज : लू आत येऊ नये म्हणून शेड चारी बाजूंनी बंद करावी.

लू घातक आहे, हे खरेच. हवा पक्ष्याच्या शरीरापेक्षा तापली की कोरडा वारा त्याची उष्णता काढून नेत नाही, उलट त्याला तापवतो. पण बंद शेडमध्ये दुसरी भट्टी पेटते, ती खुद्द पक्ष्यांची. 2 किलोचा ब्रॉयलर साधारण 10 वॉट उष्णता बाहेर टाकतो. 5 हजार पक्षी म्हणजे 50 किलोवॉट: 2 किलोवॉटचे 25 हीटर भर दुपारी शेडमध्ये लावल्यासारखे. शिवाय धापांमधून निघालेली वाफ आतच कोंडते. म्हणून लू ज्या अंगाने येते त्या जाळीवर बारदानाचे ओले पडदे सोडावेत आणि समोरची जाळी पूर्ण मोकळी ठेवावी. हवा ओलाव्यातून आत आली पाहिजे आणि उष्णता घेऊन बाहेर गेली पाहिजे. बाहेर जायची वाटच नसेल तर ओला पडदाही घात करतो.

गैरसमज : जितके पाणी फवारावे तितकी शेड थंड.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी समजूत हीच. थंडावा पाण्यामुळे येत नाही, पाण्याची वाफ होण्यामुळे येतो. 1 लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. तेच पाणी थेंब होऊन जमिनीवरच्या भुशाच्या गादीवर पडले तर पक्ष्याच्या भोवतीची हवा जवळपास तशीच राहते, गादी मात्र भिजते. ओल्या गादीतून अमोनिया उठतो, कॉक्सिडिओसिससारखा आतड्यांचा रोग बळावतो.

वाफ किती होणार, हे हवेच्या कोरडेपणावर ठरते. मेमधल्या दुपारी आर्द्रता 15-20 टक्क्यांवर येते. अशा हवेत चांगले कूलिंग पॅड 44 अंशांची हवा 30 अंशांच्या आसपास आणू शकतात. जुलैत हवा 32 अंशांची, पण आर्द्रता 80 टक्के. तेव्हा तेच पॅड 2-3 अंशांवर थांबतात. घरातला कूलर मे महिन्यात सुख देतो आणि पावसाळ्यात अंग चिकट करतो, त्यामागेही हेच कारण आहे. फरक इतकाच, की माणूस उठून कूलर बंद करतो. दमट हवेत कोंबडीच्या धापांचीही वाफ नीट होत नाही, म्हणजे तिचा मुख्य उपायच काढून घेतला जातो.

म्हणून तुषार उडवणारा फॉगर दुपारीच, थोडा थोडा वेळ आणि पंखा चालू ठेवूनच चालवावा. गादीचा भुसा मुठीत दाबून पाहा. गोळा होऊन तसाच राहिला तर पाणी जास्त झाले आहे. पाऊस लागला की फॉगर बंद, पंखे चालू.

गैरसमज : पंख्याने हवा थंड होते.

थर्मामीटर तसूभरही उतरत नाही. हवा पक्ष्याच्या शरीरापेक्षा थंड असेल तोवर वारा त्याच्या अंगावरून उष्णता उचलून नेतो, म्हणून तो पक्ष्याच्या उंचीवर आणि एकाच दिशेने वाहिला पाहिजे. कोवळ्या पिल्लांवर मात्र तो सोडू नये, ती गारठतात.

गैरसमज : शेड पूर्व-पश्चिम बांधली की उन्हाचा प्रश्न मिटला.

लांबी पूर्व-पश्चिम आणि रुंदी 30 फुटांच्या आत, हा नियम योग्यच आहे. पण बुऱ्हाणपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे 21.3 अक्षांशावर आहे. मेअखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो आणि जुलैच्या मध्यापर्यंत दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. त्या दिवसांत तो मावळतोही वायव्येला. म्हणजे खरा मारा छपरावर आणि संध्याकाळी उत्तर-पश्चिम कोपऱ्यावर. पत्र्याला वरून चुना मारणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पऱ्हाटी, तुराट्या किंवा उसाचे पाचट अंथरले तर उत्तमच, फक्त आगीची काळजी घ्यावी. वळचण 3-4 फूट बाहेर हवी. केळीच्या बागेचा शेजार चांगला, पण जाळीला खेटून केळी लावली तर वाराच अडतो.

गैरसमज : दुपारी खाद्य दिले की ताकद राहते.

पचनातूनही उष्णता निघते, आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढते. सकाळी 10 नंतर खाद्य काढावे, ऊन उतरल्यावर द्यावे. पाणी मात्र भरपूर हवे आणि गार हवे. पत्र्यावरच्या काळ्या टाकीतले कढत पाणी पक्षी पीत नाही. ज्या बुऱ्हाणपुराला कुंडी भंडारा सतराव्या शतकापासून जमिनीखालून पाणी पुरवत आला, तिथे टाकीला सावली करणे आणि पाइप गाडणे अवघड नसावे.

गैरसमज : सूर्य मावळला की धोका टळला.

दिवसभर साठलेली उष्णता पक्ष्याच्या अंगात राहते, म्हणून अनेकदा मर संध्याकाळीच दिसते. पंखे रात्रीही चालू ठेवावेत.

गैरसमज : थंडीत पडदे घट्ट लावावेत.

कोंडलेल्या शेडमध्ये गादीतला अमोनिया साठतो, आणि तो 25 पीपीएमच्या वर गेला की डोळे आणि श्वासनलिका बिघडतात. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याच्या नाकाला त्या वासाची सवय होते, म्हणून गादीजवळ बसून बाहेरच्या माणसाला हुंगायला सांगावे. पडदा खालून बांधलेला आणि वरून उघडणारा हवा, म्हणजे गार झोत पिल्लांवर पडत नाही.

गैरसमज : बंद, यांत्रिक शेड घेतली की चिंता संपली.

अशा शेडमध्ये सगळी हवा पंख्यांच्या भरवशावर असते. ऐन उन्हाळ्यात वीज गेली आणि जनरेटर लागला नाही, तर पक्षी अर्ध्या तासाच्याही आत गुदमरू लागतात. मार्च संपण्याआधी जनरेटर पूर्ण भारावर चालवून पाहा, वीज गेल्याची घंटा वाजते का ते तपासा आणि छपराला चुना मारून घ्या.