लेबलावरचे चित्र आणि अक्षर

दुकानात आलेले गिऱ्हाईक कंपनीचे नाव क्वचितच घेते. ‘घोडा छाप द्या’ नाही तर ‘ते लाल पाकीट द्या’ असेच म्हणते. तळ्याच्या बाजारात बसणाऱ्या व्यापारी बंधूंना हे सांगायला नको. सवय जुनी आहे. मँचेस्टरचे कापड आपल्याकडे खपत होते त्या काळी ताग्यावर रंगीत चित्राचे तिकीट चिकटवलेले असे. इंग्रजी न येणारा माणूस त्या चित्रावरून माल ओळखत असे.

म्हणून अक्षर दुय्यम, असे मात्र समजू नये. चित्र माल ओळखून देते; तो कोणाचा, कशाचा आणि किती, हे अक्षरच सांगते. आपल्याजवळच्या कुडा लेण्यांचेच पाहा. त्यांच्या खर्चात एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचा आणि एका माळ्याचा वाटा होता, हे दगड पाहून कळत नाही. तिथे कोरलेल्या लेखांमुळे कळते.

छापील मालाच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाचा १९७२ सालचा एक निकाल प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. मुंबईच्या पार्ले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतवाडीतली मुलगी, हाती पाण्याची बादली, भोवती गाई-कोंबड्या असे चित्र होते. म्हैसूरकडच्या एका कंपनीने आपल्या वेष्टनावरही मुलगीच काढली, पण डोक्यावर गवताचा भारा आणि हाती विळा देऊन. गाई-कोंबड्या होत्याच. खालच्या दोन्ही कोर्टांनी फरक मोजून पार्लेचा दावा फेटाळला. सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला. गिऱ्हाईक काही दोन वेष्टने शेजारी ठेवून माल घेत नाही, ते अंधुक आठवणीवर घेते, हा त्यातला मुद्दा. गाजलेल्या मालाचे रंग-चित्र उचलून खाली नाव तेवढे आपले टाकणाऱ्यांनी हे वाचावेच.

रंगाचा अर्थही शेजारच्या खुणेवर आणि शब्दावर ठरतो. खाण्याच्या पाकिटावर चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. ही खूण २००१ साली आली. कीटकनाशकाच्या डब्यावरही तिरप्या चौकोनाच्या खालच्या भागात हिरवा रंग असू शकतो. त्याचा अर्थ विषारीपणा त्यातल्या त्यात कमी, एवढाच. लाल असेल तर वरच्या भागात कवटी आणि ‘विष’ हा शब्द असतो. शेतीची औषधे विकणाऱ्याने न वाचता येणाऱ्या गिऱ्हाइकाला एवढे तोंडी सांगितलेच पाहिजे, कारण हिरवा म्हणजे निर्धोक असे समजणारे पुष्कळ आहेत.

आपल्या किनाऱ्यावर सुकी मासळी पाकिटात भरून विकणाऱ्यांसाठी आणखी दोन शब्द. मासळीला मांसाहाराची तपकिरी खूण लागते. पूर्वी तो ठिपका होता, आता चौकोनात त्रिकोण आहे. शिवाय वर सोड्यांचे चित्र आणि आत जवळा असेल, तर खाली बारीक अक्षरात ‘जवळा’ छापून भागत नाही. गिऱ्हाईक चित्र पाहून पैसे देते, अक्षर घरी जाऊन वाचते आणि पुन्हा येत नाही.

प्रेसला ऑर्डर देण्यापूर्वी नमुना एखाद्या अनोळखी माणसाला क्षणभर दाखवून झाकावा आणि आत काय माल असेल ते विचारावे. त्याने भलतेच सांगितले तर चित्र बदलावे. छपाईनंतर बदलणे महाग पडते. नाव आणि चित्र मिळून सगळे लेबल ट्रेड मार्क म्हणून नोंदवता येते. १९९९ च्या कायद्यात रंगसंगतीही धरली आहे. मुंबईचे नोंदणी कार्यालय अँटॉप हिलला आहे.