सहलीला निघताना एक प्रश्न बरोबर घ्या

दिवाळीची सुट्टी असो की मे महिना, पसरणीचा घाट गाड्यांनी भरून जातो. दोन दिवस महाबळेश्वरला काढून परतणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, ‘काय काय पाहिलंस रे?’ वेण्णा लेकमधली बोट, घोड्यावरची रपेट, मक्याचं कणीस, क्रीम घातलेली स्ट्रॉबेरी, सगळं तो घडाघडा सांगतो. आणि प्रतापगड? ‘हो, तिथं खूप पायऱ्या होत्या!’

मैत्रिणींनो, यात मुलांचा दोष नाही. गडावर नेलं म्हणजे इतिहास शिकवून झाला, असं आपणच धरून चालतो. बसमधून उतरा, रांगेत चला, हात लावू नका, गाइडचं ऐका, फोटो काढा, डबे खा आणि बसमध्ये बसा. घरी आल्यावर निबंध लिहा, ‘आमची सहल’.

वाईच्या एका शाळेत मी बरीच वर्षं इतिहास शिकवला. आता निवृत्त झाले असले तरी आळीतली मुलं सुट्टीत माझ्यामागे लागतात. या इतक्या वर्षांत मी एकच नियम पाळला. कुठल्याही जागी जाताना मुलांच्या हातात फक्त एक प्रश्न द्यायचा. त्याचं उत्तर पुस्तकात शोधायचं नाही, तिथं जाऊन शोधायचं. आणि उत्तर सापडलं की दुसरा प्रश्न ठरलेलाच, ‘कशावरून?’

महाबळेश्वरच्या बाजारपेठेपासूनच सुरुवात करता येते. एल्फिन्स्टन पॉइंट, लॉडविक पॉइंट, आर्थर सीट... मुलांना म्हणायचं, या नावांची यादी करा आणि सांगा, ही माणसं कोण? बहुतेक सगळे साहेब निघतात. गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास, इथं गोऱ्या लोकांसाठी थंड हवेचं ठिकाण वसवलं गेलं. मग कुणीतरी विचारतंच, ‘बाई, त्याच्याआधी इथं कुणीच नव्हतं का?’ असा प्रश्न आला की मुलांना घेऊन सरळ क्षेत्र महाबळेश्वर गाठायचं. पंचगंगेचं मंदिर, काळ्या दगडाचं महाबळेश्वराचं देऊळ. ६ जानेवारी १६६५ ला, सूर्यग्रहणाच्या पर्वणीवर, शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली ती इथंच. साहेबांनी नावं दिली ती फार नंतर, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

बाजारात आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्रजांनी इथं तुरुंग बांधला आणि त्यात चिनी व मलायी कैदी आणून ठेवले. त्यांच्याकडून बटाटे आणि विलायती भाज्यांची लागवड करून घेतली. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. ‘चायनामन’ धबधब्याचं नाव त्या कैद्यांच्या मळ्यावरून पडलं. घरापासून हजारो मैल दूर आणलेली ती माणसं इथल्या थंडीत काय करत असतील, घरी पत्र तरी जात असेल का, असं मुलं आपसात बोलू लागतात. पॉइंटांना साहेबांची नावं मिळाली, पण मळ्यात राबणाऱ्यांपैकी एकाचंही नाव पाटीवर नाही. हे एका सहावीतल्या मुलानं माझ्या लक्षात आणून दिलं होतं.

खानाच्या जागी उभं राहून

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं वीस-बावीस किलोमीटर गेलं की प्रतापगड. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास शिकत आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या, त्यामुळे अफझलखानाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १० नोव्हेंबर १६५९, शामियाना, आलिंगन, वाघनखं. पण खान इथपर्यंत आलाच कसा आणि महाराजांनी हीच जागा का निवडली, हे विचारलं की वर्गात शांतता पसरते.

त्याचं उत्तर बुरुजावर उभं राहिलं की मिळतं. मी मुलांना म्हणायची, ‘तू खान आहेस. तुझ्याकडे हत्ती आहेत, तोफा आहेत, हजारोंची फौज आहे. आता बोटानं दाखव, कुठून वर येशील?’ पोरं खाली बघतात. सगळीकडे दरी, दाट जावळीचं रान आणि पायवाटेएवढी वाट. थोड्या वेळानं एखादा पुटपुटतो, ‘बाई, हत्तींचा काही उपयोगच नाही की!’ बस्स, हेच हवं असतं. १६५६ मध्ये महाराजांनी जावळी का घेतली, मोरोपंत पिंगळ्यांकडून इथं गड का बांधून घेतला, हे मग फळ्यावर लिहून द्यावं लागत नाही.

इथलाच एक प्रसंग सांगते. एका वर्षी सहलीत, बसमधून उतरताना, एका मुलानं वर्गातल्या मुसलमान मुलीला चिडवलं, ‘तुमचा खान इथंच मेला ना?’ बाकीचे हसले. ती काहीच बोलली नाही, फक्त मागे मागे चालू लागली. रागावून त्या मुलाला गप्प करता आलं असतं. पण मग ती गोष्ट त्याच्या मनात तशीच राहिली असती आणि तिच्याही.

गडावर गेल्यावर मी दोन गट केले. एकानं खानाच्या बाजूची माणसं शोधायची, दुसऱ्यानं महाराजांच्या बाजूची. पुस्तकं बरोबर होतीच. खानाच्या बाजूला पहिलंच नाव निघालं त्याच्या वकिलाचं, कृष्णाजी भास्कर. मग आदिलशाहीची चाकरी करणारे मराठे सरदारही निघाले. महाराजांच्या बाजूला, भेटीच्या वेळी निवडून घेतलेल्या अंगरक्षकांत, सिद्दी इब्राहिमचं नाव निघालं. ते नाव त्या मुलीनंच मोठ्यानं वाचलं. मग मी एवढंच विचारलं, ‘आता सांगा, ही लढाई कुणाची कुणाशी होती?’ बराच वेळ वाद झाला. शेवटी उत्तर आलं ते असं: एक स्वराज्य उभं राहत होतं आणि दुसरं राज्य ते मोडायला आलं होतं. मी भाषण दिलं नाही. उतरताना ती मुलगी पुन्हा मैत्रिणींच्या घोळक्यात होती.

इतिहास चुकीचा शिकला गेला तर परीक्षेतले दोन मार्क जातात, एवढंच आपल्याला वाटतं. पण वर्गातल्या एखाद्या लेकराला आपण परके आहोत असं वाटायला लागतं, ते नुकसान कुठल्या गुणपत्रिकेत दिसत नाही. म्हणून ‘कशावरून?’ हा प्रश्न मला इतका मोलाचा वाटतो.

जुलै २०२५ मध्ये ‘युनेस्को’नं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात प्रतापगड आहे. आता गर्दी आणखी वाढेल. पण वारसा कशाला म्हणायचं, ते मुलांना कळलं तर त्या गर्दीला अर्थ.

खात्री नाही म्हणजे खोटं नव्हे

प्रतापगडाची गोष्ट पुढे साताऱ्यात जाते. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या मुदतीवर महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. आळीतल्या सात-आठ मुलांना घेऊन मीही गेले. जाण्याआधी त्यांना सांगितलं होतं, ही वाघनखं साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे होती. पुढे स्कॉटलंडमध्ये त्यांच्यासाठी एक पेटी बनवली गेली आणि तिच्यावर मजकूर लिहिला गेला. त्या मजकुरात अफझलखानाला ‘मुघल सेनापती’ म्हटलंय. चूक शोधा!

एका मुलीनं ताबडतोब सांगितलं, खान मुघलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशहाचा. छापलेलं, कोरलेलं, काचेआड ठेवलेलंही चुकू शकतं, हे तिला दहाव्या वर्षी कळलं. हा धडा आपल्यातल्या कितीजणींना मिळाला होता?

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. महाराजांनी वापरली ती हीच, याची खात्री करता येत नाही, असं खुद्द लंडनच्या त्या संग्रहालयानंच म्हटलं आहे. एक पोरगा हिरमुसला, ‘म्हणजे खोटी आहेत?’ नाही रे बाबा. खोटं ठरणं वेगळं आणि खात्री नसणं वेगळं. यातला फरक ज्याला कळला, तो उद्या मोबाइलवर येणारा प्रत्येक मेसेज डोळे मिटून पुढे ढकलणार नाही.

विरुबाईंची विहीर, मेणवलीची घंटा

साताऱ्याहून वाईकडे परतताना वाटेत थोडं आत वळलं की लिंब गाव लागतं. तिथली बारा मोटांची विहीर जरूर दाखवा, विशेषतः मुलींना. एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी ती भली थोरली विहीर, वरून शिवलिंगासारखी दिसणारी, आत दगडी दालन. प्रश्न एकच द्यायचा, ‘ही कुणी बांधली?’ मुली पायऱ्या उतरतात, शिलालेख शोधतात, अक्षरं लावतात. उत्तर मिळतं, विरुबाई भोसले. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत. राजांची नावं पाठ केलेल्या मुलींना दगडात कोरलेलं बाईचं नाव स्वतः वाचताना बघा एकदा. त्यांचे चेहरेच सांगतात.

आणि वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहून घाटावर उतरलात की देवळापाशी टांगलेली मोठी घंटा मुलांना नीट बघू द्या. तिच्यावर आई आणि बाळ आहे. ‘कृष्ण-यशोदा?’ मुलं विचारतात. नाही, मेरी आणि येशू! चर्चची घंटा कृष्णाकाठच्या महादेवाकडे आली कशी? चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तिथून अशा घंटा महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही एक आहे. एका घंटेतून वसई, पोर्तुगाल, पेशवाई, सगळं निघतं.

आणि घरात?

तुम्ही म्हणाल, ‘तुमच्याकडे गड आहेत हो, आमच्या गावात काय आहे?’ मोठ्या शहरांत आता मुलांना हाताळून, करून बघता येईल अशी संग्रहालयं झाली आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयानं २०१५ मध्ये बसमधलं फिरतं संग्रहालय सुरू केलं आणि २०१९ मध्ये खास मुलांचं दालन उघडलं. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तर अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी यांनीच भरलेलं आहे. बायकांच्या रोजच्या हातातल्या वस्तूही इतिहास असतात, हे तिथं पटतं.

पण सुरुवात आपल्या माळ्यावरूनही होते. जुनी पितळेची, तांब्याची भांडी खाली काढा. त्यांवर नावं आणि साल घातलेलं असतं. कुणाचं नाव? कुणाच्या लग्नात आलेलं? मुलांना कागदावर लिहून काढू द्या, तोही शिलालेखच. आमच्या भागात तर आजीला एक प्रश्न विचारला की पुरतो, ‘११ डिसेंबर १९६७ ला, कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे तू कुठं होतीस?’ आजी दोन तास बोलते. मग आजोबांना तेच विचारायचं. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर उत्तमच! ‘कशावरून?’ विचारायची संधी आयती मिळते.

शाळेतून सहलीची चिठ्ठी येते, तेव्हा आपण पैसे किती आणि डबा काय, एवढंच बघतो. यंदा बाईंना आणखी एक विचारा, ‘जायच्या आधी मुलांना कुठला प्रश्न देणार आहात?’ त्यांच्याकडे नसेल तर तुम्ही द्या. आणि मूल घरी आल्यावर ‘मजा आली का?’ विचारून झालं की लगेच विचारा, ‘उत्तर सापडलं का?’