ठिणगीचा मागोवा: मॅग्नेटो ते बॅटरी

आपल्याकडे ट्रॅक्टर म्हणजे डिझेल. त्याला प्लग नाही, पॉइंट नाही, ठिणगीची कटकट नाही. पण जुन्या स्कूटरचा पॉइंट ज्याने पॉलिश पेपरने घासलाय, ‘करंट येतोय का बघ’ म्हणत प्लग काढून बॉडीला टेकवून किक मारलीय, त्याला अमेरिकेतल्या जुन्या ट्रॅक्टरचं दुखणं परकं वाटणार नाही.

1917 साली हेन्री फोर्डचा फोर्डसन आला. बॅटरी नाही. फ्लायव्हीलवर चुंबक, आणि डब्यात गुणगुणणारी चार कॉइलं. चुंबक जितका वेगात फिरेल तितका करंट, आणि हँडल मारताना तर वेग सगळ्यात कमी. म्हणजे ठिणगीची गरज सर्वांत जास्त तेव्हाच ती सर्वांत मरतुकडी. थंडीच्या सकाळी हा ट्रॅक्टर माणसाचा घाम काढायचा. यावर उतारा खरं तर आधीच सापडला होता: बॉशकडच्या गॉटलोब होनोल्डने 1902 मध्येच हाय टेन्शन मॅग्नेटो करून दाखवला होता. फोर्डसनला तो मिळाला 1929 मध्ये, कारखाना आयर्लंडमधल्या कॉर्कला गेल्यावर.

त्या मॅग्नेटोतली खरी गंमत म्हणजे इम्पल्स कपलिंग. हँडल सावकाश फिरतं, स्प्रिंग ताणली जाते आणि ‘टक्’ करून सुटते. त्या झटक्यात मॅग्नेटो क्षणभर जोरात फिरतो आणि ठिणगीही उशिरा पडते, त्यामुळे हँडल उलटं येऊन मनगट मोडत नाही. म्हणून जाणकार आधी कान लावतो. टक् ऐकू आलं नाही तर आतलं कुत्रं (अडवणारा खटका) वाळलेल्या ग्रीसमध्ये अडकलंय. मॅग्नेटो उघडायच्या आधी तिथे रॉकेल मारून बघायचं.

1939 मध्ये फोर्डचा 9एन आला तो सेल्फ, डायनॅमो आणि सहा व्होल्टची बॅटरी घेऊनच, तीही पॉझिटिव्ह अर्थ! इथे दुरुस्तीचं गणितच उलटं झालं. बॅटरीवाल्यात स्विच करंट जोडतो. वायर तुटली की इंजिन गप्प. मॅग्नेटोवाल्यात स्विच करंट बॉडीला देऊन ठिणगी मारतो. स्विचची ती वायर तुटली तर इंजिन बंदच होत नाही, आणि कुठे घासून बॉडीला लागली तर सुरू होत नाही. म्हणून मॅग्नेटोवाल्याने पहिली ती वायर सोडवायची. बॅटरीवाल्याने पहिल्यांदा कॉइलपर्यंत करंट पोचतोय का ते बघायचं. हा फरक ज्याला कळला नाही, त्याने निष्कारण चांगले मॅग्नेटो खोलले.

मग महायुद्ध. 1942 मध्ये 2एन आला तेव्हा रबर आणि तांब्याचा तुटवडा; काही ट्रॅक्टर लोखंडी चाकांवर, बॅटरीविना, पुन्हा मॅग्नेटो लावून विकले गेले. माझ्या मते मॅग्नेटोचा मोठेपणा तिथेच दिसतो. तो ठिणगीत हरला नव्हताच. लोकांना सेल्फ आणि दिवे हवे होते. त्यासाठी बॅटरी आलीच, मग तिच्यावरच ठिणगीही भागवली.

बॅटरीवाल्यांची दुखणी वेगळी. 9एनचा डिस्ट्रिब्यूटर इंजिनच्या तोंडाशी, पंख्यामागे. पॉइंटची फट (पंधरा हजारांश इंच) नीट बसवायची तर तो काढूनच घ्यावा लागे. त्याचा दात मध्यापासून किंचित बाजूला असल्यामुळे तो एकाच बाजूने बसतो, पण घाईत उलटा ठेवून बोल्ट आवळले की बॉडीला तडा. 1950 मध्ये पुढच्या 8एन मॉडेलवर डिस्ट्रिब्यूटर बाजूला आला तेव्हा कुठे ही पीडा टळली.

‘अर्धा तास चालतो, तापला की बंद, निवला की चालू’ ही तक्रार मात्र दोन्हीकडची. संशय कॉइल नाहीतर कंडेन्सरवर. त्याआधी पेट्रोल टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तुंबलंय का ते बघा. त्याला पैसे पडत नाहीत.

असा एखादा ट्रॅक्टर संग्रहात मिळाला तर एवढं लक्षात ठेवा: मॅग्नेटोच्या टर्मिनलला बॅटरीची वायर लावून ‘टेस्ट’ करू नका. चुंबकाचा जोर उतरू शकतो.